सत्तेचाळीस नंबरचा नारळ

वैदेहीला फक्त एक फोटो हवा होता. मंगळवारी तिची तोंडी परीक्षा होती. पाच वर्षांच्या पीएच.डी.चा शेवटचा उंबरठा. सादरीकरणाच्या शेवटच्या पानावर उजनीच्या पाण्याचं एखादं चित्र टाकावं, म्हणून शुक्रवारी सकाळीच ती कन्हेरीच्या घरून स्कूटी काढून इंदापूरच्या वाटेला लागली. पळसदेवच्या पुढं उसाच्या शेवटच्या सरीला पाणी येऊन टेकतं, तिथं तिनं गाडी लावली. फेब्रुवारीचं ऊन अजून मऊ होतं. लांबवर रोहित पक्ष्यांची गुलाबी ओळ चिखलात पाय रोवून उभी होती.

आणि त्या सगळ्याच्या मधोमध काठच्या वस्तीतली कुशाबाई.

पातळ वर खोचून ती गुडघाभर पाण्यात उभी होती. हातात शेंडीचा नारळ, त्याच्या अंगावर विटलेला शेंदरी रंग. तिनं बोटानं नारळाच्या शेंडीला हळद लावली, कुंकू लावलं, आणि पाळण्याला झोका द्यावा तसा दोन्ही हातांनी तो आत लोटला. ओठांवर ओवी होती:

जा रं बाबा नारळा, मागं नगं पाहू,
काठाच्या गवतात नगं वस्तीला राहू,
पान्यातल्या आईची वाट नगं चुकवू.

वैदेहीनं कॅमेरा डोळ्याला लावला आणि भिंग जवळ ओढलं. नारळ पाण्यात सावकाश फिरला. त्याच्या पाठीवरचा काळा आकडा समोर आला. सत्तेचाळीस.

तिचं बोट बटणावरच राहिलं. हा नारळ तिचा होता.

तिचा विषय होता खाड्यांमधलं प्लास्टिक. नदी कचरा आणते, भरती तो आत ढकलते, ओहोटी बाहेर ओढते. त्यातलं काठाला किती लागतं, समुद्रात किती जातं, हे गणित तिनं संगणकावर मांडलं होतं. तिच्या संगणकात कोकणातली एक खाडी होती आणि त्या खाडीत लाखभर ठिपके सोडलेले होते. एकेक ठिपका म्हणजे एक पिशवी, एक बाटली, एक गुटख्याची पुडी. ठिपका काठाला लागला की प्रश्न यायचा, याचा मुक्काम किती दिवस? त्या एका आकड्यावर सगळी खाडी हलायची. खऱ्या खाडीत तो मोजणं अवघड, कारण ओहोटी हाताला काही लागू देत नाही. म्हणून तिनं घराजवळचं, बांधानं अडवलेलं, कुठं पळून न जाणारं पाणी निवडलं. पाण्यात आणखी प्लास्टिक कशाला टाकायचं, म्हणून शंभर शेंडीचे नारळ घेतले. लांबून दिसावेत म्हणून शेंदरी रंगवले, अंगावर आकडे घातले. शेंड्या तेवढ्या कोऱ्या ठेवल्या. त्यांना पत्र्याचे बिल्ले बांधायचे होते.

सव्वा वर्षापूर्वी, दिवाळी आटोपल्यावर तिनं ते पाण्यात सोडले आणि तीन महिने दर शनिवारी सहा किलोमीटर काठ पायांखाली घातला. कुठला नारळ कुठं पडलाय ते वहीत लिहायचं. गेल्या शनिवारी काठाला असलेला या शनिवारी दिसला नाही, की तो पाण्यात परत गेला असं धरायचं.

ते भराभर परत जात होते. तिच्या संशोधनाचं सगळं नवेपण त्यातच होतं. बाकीचे अभ्यासक लिहीत होते की कचरा काठाला महिनोनमहिने बसून राहतो. वैदेहीचे नारळ सांगत होते, चिखलाच्या काठावर तो आठवडाभरही टिकत नाही. प्रबंधाचं चौथं प्रकरण त्यावर उभं होतं. खाडीकाठच्या एका नगरपालिकेनं ते प्रकरण मागून नेलं होतं. काठ साफ करणारी माणसं एप्रिलपासून कमी करायची आणि खाडीच्या मुखाशी जाळी टाकायची, असा त्यांचा विचार चालला होता.

"कुशामावशी!" तिचा आवाज तिलाच चिरका वाटला.

"अगं बया, नारळवाली!" कुशाबाईनं डोळ्यांवर हात धरला. "ये, ये. पेढं आनलंस का न्हाय?"

"कशाचे पेढे?"

"कशाचं म्हंजी? नवस फळला असंल ना. लगीन ठरलं का नोकरी लागली? आमच्यात पैज लागलीया. म्या लग्नावर हाय."

"मावशी, हा नारळ आत्ता तुम्ही पाण्यात लोटलात?"

"मग काय काठाला कुजू देऊ? तुजाच हाय की. औंदा पावसाळ्यात धरणाचा फुगवटा चढला तवा कुठनं तरी सुटून आला. म्या म्हनलं, एवढा एकच ऱ्हायला बिचारीचा."

"एकच राहिला म्हणजे?"

"बाकीचं आमी पोचवलं की समदं!" कुशाबाई कौतुकानं सांगू लागली. "मी, माजी जाऊ, वरच्या आळीच्या चौघी. मंगळवार आन् शुक्करवार. तुजा शेंदरी नारळ दिसला की हळद-कुंकू लावायचं आन् द्यायचा लोटून. शंभर नारळाचा नवस म्हंजी काय चेष्टा हाय? तीन महिनं तुजा एक नारळ काठाला टिकू दिला न्हाय बग."

वैदेहीनं कॅमेरा खाली घेतला.

धरण झालं तेव्हा कुशाबाईचं सासर पाण्याखाली गेलं. ती नवी नवरी होती. गाव वर येऊन बसलं, देवीची मूर्तीही बैलगाडीतून वर आली, नवं देऊळ झालं. पण त्या पिढीच्या बायकांच्या लेखी आई खालीच राहिली, तिच्या जुन्या ओट्यावर. तिची ओटी पाण्यातूनच जायची. ती काठाला परत आली, तर जिच्या नजरेला पडेल त्या बाईनं हळद-कुंकू लावून ती पुन्हा आत लोटायची, मग नवस कुणाचाही असो. बारामतीच्या बाजारात पेंटचा डबा घेताना वैदेहीला एवढंच सुचलं होतं की हा रंग लांबून दिसेल. तो शेंदराचा आहे हे घरी तिच्या आईनं बोलूनही दाखवलं होतं.

आणि तिला आठवलं. नारळ होडीत भरत असताना कुशाबाईनंच विचारलं होतं, "शंभर? नवस हाय का गं?" वैदेहीला घाई होती. वारा सुटायच्या आत नारळ सोडायचे होते. खाडी, भरती, संगणक, हे सगळं या बाईला कुठून सांगायला बसायचं? "हो, तसंच समजा मावशी," असं हसून म्हणून ती मोकळी झाली होती.

"काय झालं गं? तोंड का उतरलं?"

"काही नाही मावशी."

तिनं फोनमधले फोटो उघडले. गेल्या वर्षी जानेवारीत प्रयोग संपवताना तिनं एकाहत्तर नारळ गोळा केले होते, एकेकाचा फोटो काढला होता. आजवर त्यात ती आकडे बघत आली होती. आता तिनं शेंड्या बघितल्या. पहिली पिवळी. दुसरी पिवळी. तिसरी पिवळी, काथ्याच्या मुळापर्यंत. आठवी कोरी. पिवळी, पिवळी. पिशवीतल्या वहीत शेऱ्याच्या रकान्यात तिच्याच सुबक अक्षरात एकच शब्द खालपर्यंत उतरत गेला होता: शेवाळ. शेवाळ. शेवाळ.

एकाहत्तरातले त्रेसष्ट. कोरी शेंडी असलेले आठच, आणि वही सांगत होती की ते आठ पाच-पाच शनिवार जागचे हलले नव्हते.

"काय ताई, लगीन हाय का नोकरी?" मागून आवाज आला. कुशाबाईचा पुतण्या रविराज खांद्यावर जाळं घेऊन उभा होता. गेल्या वेळी त्याच्याच होडीतून तिनं नारळ सोडले होते. "माजी पैज नोकरीवर हाय. जरा इचार करून सांगा."

"रविदादा, बायका नारळ परत ढकलतायत हे तुला माहीत होतं?"

"व्हय की. समद्या वस्तीला म्हाईत हाय."

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"आता ह्यात काय सांगायचं? तुमचाच नवस, तुमालाच सांगू?" मग तिचा चेहरा बघून त्यानं जाळं खाली टाकलं. "काय झालं, ताई?"

तिनं हळू आवाजात, कुशाबाईला ऐकू जाणार नाही अशा बेतानं सगळं सांगितलं. त्याला चटकन कळलं. पाणी काय नेतं आणि काय ठेवतं, हे कळण्यावरच त्याची चूल पेटत होती.

"मग आता?" तो म्हणाला. "हितं घडल्यालं कुणाला कळनार हाय? चुलती काय तुमच्या इद्यापीठात जानार न्हाय. मी जानार न्हाय. मंगळवारी परीक्षा द्या, आन् हू द्या डॉक्टर."

तेच तर सगळ्यात भयंकर होतं. कुणालाही कळणार नव्हतं. परीक्षकांसमोर वह्या होत्या, तक्ते होते, शेवाळाचा खुलासाही होता. गाडीला किल्ली लावायची आणि जेवायच्या वेळेला घर गाठायचं. फोटो नसला तरी चाललं असतं.

सत्तेचाळीस नंबर पाण्यावर डुलत होता. त्याच्याकडं बघता बघता तिला खटकलं, की हा आकडा त्या फोटोंमध्ये नव्हता. तिनं वही शेवटून उघडली. एका पानावर अकरा आकडे चौकटीत कोंडलेले होते, त्यात सत्तेचाळीसही होता. खाली लिहिलं होतं: ओढ्यापलीकडच्या बेशरमीच्या झुडपांत अडकलेले. वेगळे वागतात. वगळावेत.

"दादा, मला ओढ्याच्या पलीकडं ने."

"तितं? तितं गाळ हाय कमरंएवढा. बायामानसं जात न्हाईत तिकडं."

"म्हणूनच ने."

तासाभरानं होडीनं बेशरमीच्या झुडपांना तोंड लावलं. रविराजनं वल्ह्यानं फांद्या बाजूला सारल्या आणि वैदेही वाकली. आधी दिसल्या दुधाच्या पिशव्या, उन्हानं ठिसूळ झालेल्या. कलिंगडाच्या मळ्यातून आलेला, जमीन झाकायचा मल्चिंगचा कागद फांद्यांना गुंडाळून बसला होता. ठिबकच्या नळीचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या, खताच्या गोणीचे धागे. आणि त्या सगळ्यात रुतलेले, काळे पडलेले, एकेका बाजूनं कुजलेले नारळ. तिनं बोटानं चिखल पुसला. बारा. एकोणसाठ. तीस. एक सापडला नाही. नऊ होते. सव्वा वर्ष, एक पावसाळा, एक फुगवटा, आणि ते तिथंच होते. एकाच्याही शेंडीला हळद नव्हती.

झुडपातलं मोजमाप मोकळ्या काठाला जसंच्या तसं लागत नाही, हे तिला माहीत होतं. पण शंभरातले ज्यांना माणसाचा हात लागला नाही असे हे नऊ आणि ते आठ, आणि सगळे एकच सांगत होते. काठ सोडत नाही. काठ धरून ठेवतो. आणि पाण्याचं खरं वागणं जे दाखवत होते, तेच तिनं चौकटीत कोंडून बाहेर काढले होते.

तिनं मालती मॅडमना फोन लावला. पाच वर्षं त्या तिच्या मार्गदर्शक होत्या.

"मॅडम, चौथं प्रकरण चुकलंय."

"वैदेही, परीक्षेच्या आधी सगळ्यांनाच असं वाटतं. माझ्या वेळी मी अख्खा प्रबंध जाळायला निघाले होते. आल्याचा चहा घे आणि झोप."

"मॅडम, नारळ पाणी नेत नव्हतं. बायका नेत होत्या."

तिनं सगळं सांगितलं, स्वतःच्या 'तसंच समजा'सकट.

"फोटोत किती पिवळे?" मॅडमचा आवाज बदलला होता.

"एकाहत्तरात त्रेसष्ट."

"आणि वगळलेले अकरा?"

"नऊ अजून इथंच आहेत. मी त्यांच्यासमोर उभी आहे."

"वगळायला मीच हो म्हटलं होतं. मंगळवार आता होणार नाही, हे कळतंय ना तुला?"

"हो."

"सहा महिने लागतील, वर्षही लागेल. कदाचित ते प्रकरण सगळंच नव्यानं. परीक्षक काय म्हणतील, मला सांगता येत नाही. मी काही करू शकेन असं धरून चालू नकोस."

"हो, मॅडम."

"विद्यापीठाचं मी बघते. तू आधी नगरपालिकेला लिही. आत्ता, तिथूनच. घरी गेलीस की आई जेवायला वाढेल, विषय निघणार नाही, आणि मग तू उद्यावर टाकशील. मी ओळखते तुला."

वैदेहीनं होडीत उकिडवं बसून लिहिलं. 'माझ्या चौथ्या प्रकरणातला आकडा चुकीचा आहे. चूक माझी आहे. काठ साफ करणारी माणसं कृपया कमी करू नका. सविस्तर कळवते.' पाठवायचं बटण दाबलं आणि पडद्यावर छोटं चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. फिरत राहिलं. अजूनही मागं घेता येण्यासारखं होतं. तिचा अंगठा 'रद्द'वर होता, आणि तो तिथं कधी गेला ते तिला समजलं नव्हतं.

रविराजनं ते बघितलं. त्यानं वल्हं मारलं. होडी झुडपातून मागं सरली, वळली, भर पाण्याच्या दिशेनं निघाली.

"कुठं चाललास?"

"हितं नेट चालत न्हाय. मधी मिळतं."

"तूच म्हणाला होतास ना, कुणाला कळणार हाय म्हणून?"

"म्हनलो व्हतो," तो वल्हं ओढत म्हणाला. "पर तुमी त्या नारळांवरचा चिखल पुसत व्हता तवा बघितलं तुमच्याकडं. तुमाला न्हाय पचायचं ते."

पाण्याच्या मध्यावर चक्र थांबलं. गेलं. वैदेहीनं फोन पिशवीत टाकला आणि रिकाम्या हातांकडं बघत राहिली. पाच वर्षं एका टिचकीसरशी हातची गेली होती. रडू येईल असं तिला वाटलं. आलं नाही. अजून एकीला सांगायचं बाकी होतं, आणि ते जास्त जड होतं.

दुपारचा वारा काठाकडं होता. ती परतली तेव्हा सत्तेचाळीस नंबर पुन्हा चिखलाला लागला होता आणि कुशाबाई पदर खोचून त्याच्याकडं निघाली होती.

"मावशी, थांबा. हात लावू नका."

"का गं? परत आलं की लोटायचं असतंय."

"माझा नवस नव्हता, मावशी."

कुशाबाई वाकलेली तशीच राहिली. मग सावकाश सरळ झाली.

"नव्हता?"

"नाही. तुम्ही विचारलंत तेव्हा मी हो म्हटलं, सांगत बसायला नको म्हणून. मला पाण्याचं काही मोजायचं होतं."

कुशाबाईनं बोटांवरची हळद पदराला पुसली. एकेक बोट.

"मग तीन महिनं आमी कुनाचं गाऱ्हानं आईला सांगत व्हतो?" ती म्हणाली. "माजी जाऊ गेली सरावनात. शेवटचा नारळ तिनं लोटला व्हता तुजा. दम लागत व्हता तिला. म्या म्हनलं, ऱ्हाऊ दे, मी लोटती. न्हाय म्हनली. पोरीच्या जातीचं काम आडून ऱ्हाऊ नये म्हनली."

वैदेहीला वर बघवेना. "मी सांगायला हवं होतं. मला वाटलं, तुम्हाला कळणार नाही."

"कळलं नसतं?"

"कळलं असतं."

"मग आता सांग."

आणि ती चिखलात बसून सांगू लागली. खाडी म्हणजे काय, भरती कशी येते, पिशवी कुठून निघते आणि कुठं जाते. कुशाबाईनं समुद्र पाहिलेला नव्हता. पण पाणी चढतं आणि उतरतं, आणि उतरताना काठावर काय काय टाकून जातं, हे तिला तोंडपाठ होतं. ती मधेच म्हणाली, "म्हंजी काठाला काय टिकतं, ते तुला बघायचं व्हतं."

"हो."

"आन् आमी टिकू दिलं न्हाय."

"तुमची चूक नाही, मावशी. माझी."

"ते हायच." तिनं ते इतक्या सरळपणे म्हटलं, की होडी बांधणारा रविराज फिसकन हसला. "तू कशाला दात काढतोस रं? तुला बी तोंड व्हतं की." मग वैदेहीकडं वळून, "तुजं शिक्षान बुडलं का आमच्यापायी?"

"लांबलंय. किती, ते माहीत नाही."

कुशाबाई नारळाजवळ गेली. त्याला पाय लावला नाही, हातही लावला नाही, नुसती वाकून बघू लागली. शेंडीवर सकाळची हळद ओली होती.

"ह्येला तर लावलंय हळद-कुंकू. आईला काय सांगू?"

"मी खोटं बोलले म्हणून सांगा."

"म्या का सांगू? तुजं खोटं तू सांग."

वैदेही उठली. चपला काढल्या आणि पाण्यात उतरली, घोट्यापर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. खाली कुठंतरी एक ओटा होता, एक पार होता, एका बाईचं सासर होतं. काय म्हणायचं असतं ते तिला येत नव्हतं. तिनं वाकून पाण्याला हात लावला आणि जे झालं होतं ते सांगितलं, वहीत लिहितात तसं, तारखेनिशी.

परत आली तेव्हा कुशाबाई एका दगडावर बसली होती. "मी सांगती वरच्या आळीला," ती म्हणाली. "कुनी हात लावनार न्हाय. तू पुन्यांदा सोड. पर शेंदरी रंगवू नगंस, बाई. निळं दे, कायबी दे. आन् ह्यो हितंच ऱ्हाऊ दे, आजपास्नं मोज."

वैदेहीनं वहीचं कोरं पान काढलं. तारीख घातली, वेळ घातली. सत्तेचाळीस, मोकळा काठ. शेऱ्याच्या रकान्यात क्षणभर पेन थबकलं, मग तिनं लिहिलं: हळद.

ऊन कलू लागलं. लाट यायची, नारळाखाली जीभ घालायची आणि मागं सरायची. एकदा लाटेनं त्याला बोटभर उचललं. सवयीनं कुशाबाईचे ओठ हलले. "जा रं बाबा..." एवढं निघालं आणि तिनं जीभ चावली. दोन्ही हात काखेत घट्ट दाबून धरले, आणि पाण्याकडं बघत ती तशीच बसून राहिली.